पापाची ओळ

ऑफिसात त्यांना सगळे ठिगळमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठीमागे अख्खं नाव. ज्यानं कुणी ते ठेवलं त्याला वाटलं असेल माणूस चिडेल, पण मास्तरांनी ते खुशाल अंगाला लावून घेतलं. "आमची आई जन्मभर लोकांचे फाटके कपडे सांधत बसली," ते सांगायचे, "मी फाटका कर्नेल सांधतो. घराण्याची रीत आहे, तुम्हाला काय त्रास?"

कर्नेल म्हणजे कुठल्याही संगणकाच्या तळाशी चालणारा मूळ प्रोग्रॅम. पडदा उजळायचा, आवाज काढायचा, आलेला निरोप आत घ्यायचा, ही सगळी हमाली त्याची. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि हौशी लोक ती घेतात. पण पाण्याच्या टाकीवरचे पंप, इमारतींच्या लिफ्ट, दवाखान्यातली यंत्रं यांना असली हौस परवडत नाही. एकदा वर्षभर तपासून जो कर्नेल यंत्रात बसवला, तोच दहा-दहा वर्षं चालवायचा. मग नव्या कर्नेलमध्ये कुणी एखादी चूक शोधून दुरुस्त केली, की ती दुरुस्ती उचलून या म्हाताऱ्या कर्नेलमध्ये बसवावी लागते. याला बॅकपोर्ट म्हणतात. नव्या घरासाठी कापलेलं दार जुन्या चौकटीत बसवण्यातला प्रकार. कुठे बिजागरी सरकवावी लागते, कुठे चौकटच वाकडी निघते, आणि कधीकधी दार छान बसतं पण भलत्याच खोलीला.

मास्तर हे काम बावीस वर्षं करत होते. पाच माणसांचं ऑफिस, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची पाण्याच्या डागांनी काळी पडलेली भिंत. मास्तरांचं टेबल त्या भिंतीसमोर. दिवसाला तीस-चाळीस दुरुस्त्या हातावेगळ्या करायच्या. यात नाव नाही, कौतुक नाही. नीट झालं तर कुणाला कळत नाही, आणि बिघडलं तर कुणी विचारल्याशिवाय राहत नाही. निदान मास्तरांचा तसा समज होता. तो किती भाबडा होता ते पुढे येईलच.

या कामात एक शिस्त आहे. प्रत्येक बदलाखाली एक मजकूर जोडतात. मूळ दुरुस्ती कुणी केली, का केली, जुन्यात कुणी आणली. आणि ती दुरुस्ती आधीच्या एखाद्या बदलातली चूक निस्तरत असेल, तर त्या बदलाची खूण आणि नाव एका वेगळ्या ओळीत लिहायचं: अमुक बदलातली चूक दुरुस्त. ऑफिसात या ओळीला 'पापाची ओळ' म्हणत. ज्याचा बदल त्या ओळीत यायचा, त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. मास्तर या ओळीच्या बाबतीत फार कडक. ती नसली, तर साहेबांच्या हातचं कामसुद्धा परत पाठवायचे.

"अरे, ही ओळ लाज काढायला नसते," ते नव्या माणसांना सांगायचे. "आपली चूक आणखी कुणीकुणी उचलून नेली असेल, त्यांना कळायचं कसं? ते ही ओळच शोधतात. ओळ नाही तर दुरुस्ती नाही, हे डोक्यात पक्कं बसवा."

आताचे साहेब हे धडे मास्तरांकडेच शिकले होते. पुढे ते वर चढले, मास्तर होते तिथेच राहिले. दोघांच्या मनात त्याबद्दल काही नव्हतं. साहेब अजूनही मास्तरांना 'तुम्ही' म्हणत आणि मास्तर त्यांना 'अरे तू'.

एका मंगळवारी सकाळी आवाजाच्या भागासाठी एक साधी दुरुस्ती आली. चार ओळींची. मास्तरांनी ती जुन्या कर्नेलवर लावली, तर बसेना. ज्या जागी बसायची, तिथे एक ओळ जास्तीची होती. नव्या कर्नेलमध्ये ती ओळ कधीच नव्हती. मास्तर स्वतःशी पुटपुटले, "ही पाहुणी कुठून आली?" आणि ती ओळ कुणी, कधी घातली ते यंत्राला विचारलं.

यंत्रानं तीन वर्षांपूर्वीची तारीख दिली आणि त्यांचं स्वतःचं नाव.

त्यांनी तो जुना बदल उघडला. ती दुरुस्ती मुळात आवाजाची नव्हतीच. ती होती पडद्याच्या दिव्याची. कुणी हात लावला नाही की पडदा झोपतो. तो उठवताना घाई करू नका, आतल्या घड्याळाच्या पुढच्या ठोक्याला उठवा, एवढंच ती सांगत होती. दिव्याला ते चालतं, कारण त्याचा ठोका पापणी लवायच्या आत पडतो. पण या जुन्या कर्नेलमध्ये दिव्याची आणि आवाजाची कामं लिहिणारे दोन तुकडे जुळ्या भावांसारखे आहेत, ओळीला ओळ सारखी. दुरुस्ती लावणाऱ्या साधनानं अंदाजानं जागा शोधली आणि ती सत्त्याण्णव ओळी खाली, दुसऱ्या भावाच्या पोटात नेऊन घातली. वर सांगितलंही होतं: 'लागली, सत्त्याण्णव ओळी सरकून.' असला निरोप मास्तरांनी आयुष्यात हजारो वेळा वाचला होता. जुना कर्नेल म्हटला की ओळी सरकायच्याच. त्या दिवशीही त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि सही केली. घरी काही वाईट घडलं नव्हतं, डोळे दुखत नव्हते, कुणी घाई केली नव्हती. सरळ, साधा, नेहमीचा दिवस होता. मास्तरांनी पुढे खूप आठवून पाहिलं, पण स्वतःला सोडवणारं एकही कारण त्यांना सापडलं नाही.

पडद्याच्या दिव्याचा ठोका आणि आवाजाचा ठोका यांत फरक होता. यंत्र बराच वेळ गप्प असलं की वीज वाचवायला आवाजाचा भाग गाढ झोपतो आणि त्याचे ठोके लांबत जातात. कितीपर्यंत लांबतात, हे मास्तरांनी टेबलाखालच्या जुन्या यंत्रावर करून पाहिलं. घड्याळ लावलं, दोन तास यंत्र गप्प ठेवलं आणि मग त्याला वाजायला सांगितलं.

चार मिनिटं आणि काही सेकंदांनी ते वाजलं. आणि नोंदीत मात्र, सांगितल्या क्षणीच, लिहिलं होतं: वाजले.

चार मिनिटं हा आकडा मास्तरांनी आधी वाचला होता.

दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात, दुपारी तीनच्या सुमारास, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेली एक म्हातारी बाई गेली. तिच्या उशाशी जे यंत्र होतं त्यात हाच जुना कर्नेल होता. यंत्राच्या नोंदीत होतं की तीन वाजून सात मिनिटांनी धोक्याचा आवाज झाला. सिस्टर पलंगाशी पोचली तीन अकराला. चौकशी बसली. सिस्टरनं लिहून दिलं, 'मी पाठमोरी बसून फायली भरत होते. आवाज आल्याबरोबर उठले. त्याआधी आवाज नव्हता.' यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं ती सगळी कागदपत्रं मास्तरांच्या ऑफिसला पाठवली आणि विचारलं, नोंदीची वेळ चुकीची असू शकते का?

उत्तर मास्तरांनी लिहिलं होतं. नोंदी तपासल्या, घड्याळ तपासलं. सगळं चोख. अर्ध्या तासात पत्र तयार. 'नोंद अचूक आहे. यंत्राने वेळेवर आवाज दिला आहे.' यंत्र डोळ्यांनी न बघता, टेबलाशी बसल्या बसल्या उंटावरून शेळ्या हाकल्या. सिस्टरचा जबाब वाचून त्यांना तेव्हा वाईटही वाटलं होतं. बिचारीला डुलकी लागली असेल, दुपारची वेळ, असं ते घरी बायकोला म्हणाल्याचंही त्यांना आठवलं. सिस्टरची नोकरी गेली, हे नंतर कुणीतरी चहा पिताना सांगितलं होतं.

त्या मंगळवारी मास्तर जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती एक ओळ काढणारा बदल तयार केला, तीनदा तपासला, खाली पापाची ओळ लिहिली आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकलं. मधेच उठून दार लावलं.

"मास्तर, चूक काढा ना, कोण नाही म्हणतंय? आजच काढा. फक्त ती ओळ नको. आणि वर हे जे लिहिलंय, आवाज उशिरा होतो वगैरे, ते नको. 'किरकोळ सफाई' म्हणा. रोज आपण पन्नास सफाया करतो."

"आणि ज्यांनी ज्यांनी ही चूक उचललीय ते?"

"पुढच्या आवृत्तीत सगळ्यांकडे आपोआप जाईल. कुणाचं नुकसान नाही."

"एकीचं झालंय."

साहेब आवाज उतरवून म्हणाले, "बघा, ते पत्र तुमच्या सहीचं आहे. उद्या कोर्टकचेरी झाली तर तुम्हीच उभे राहाल. ऑफिस बंद पडेल ते वेगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर. हे हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मूठ माझी असती तर झाकली असती रे. तिच्यात त्या सिस्टरचं नाव अडकलंय."

"ती बाई कुठे आहे, कशी आहे, तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"नाही. दोन वर्षांत मी विचारलंही नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं ऑफिसातल्या इतर तिघांनाही पटलं असतं, आणि चूक दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित मास्तरांनाही पटलं असतं. पण मास्तरांनी टेबलाशी येऊन, आहे त्या मजकुरासकट, पापाच्या ओळीसकट तो बदल पाठवून दिला. मग दोन पत्रं लिहिली, एक यंत्राच्या कंपनीला आणि एक दवाखान्याला. 'माझे आधीचे पत्र चुकीचे होते. यंत्राने वेळेवर आवाज दिला नव्हता. सिस्टरांचा जबाब खरा आहे.' या वेळी त्यांना पूर्ण दोन तास लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसायला सांगण्यात आलं. तब्येतीची काळजी घ्या, असं साहेब म्हणाले. टेबलावरचा कप आणि चष्म्याचं घर पिशवीत घालून मास्तर जिना उतरले.

त्यांना वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. फोन वाजतील, कुणी जाब विचारायला येईल. तीन आठवडे त्यांनी वाट पाहिली. नव्या आवृत्तीत एकशे एकेचाळीस बदल होते, त्यात त्यांचा त्र्याण्णवावा. जगभर तो उतरवून घेतला गेला. खालची ओळ कुणी वाचली असेल तर त्यानं ती मुकाट्यानं वाचली. यंत्राच्या कंपनीकडून आभाराचं पत्र आलं. दवाखान्याकडून एका ओळीचं आलं: 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' सिस्टरबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं.

मास्तरांनी कपाटातून जुन्या कागदांची फाईल काढली. जबाबाच्या खाली सिस्टरचा पत्ता होता.

"पत्रं पाठवलीत ना?" बायको म्हणाली. "नोकरी घालवलीत, झालं ना? आता तिथं जाऊन तिच्या जखमेवर मीठ चोळणार का?"

"पत्र मी मागच्या वेळीही पाठवलं होतं," मास्तर म्हणाले.

बायकोनं मग त्यांचा बाहेर जायचा शर्ट काढून दिला.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडणारी बाई चाळिशीची असावी, हातावर इस्त्रीचे दोन जुने चटके. दारातून आत कपड्यांचे गठ्ठे दिसत होते, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. मास्तरांनी आपण कोण ते दारातच सांगितलं, कारण आत बसून सांगायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

"यंत्राने वेळेवर आवाज दिला आहे," ती म्हणाली. "ते तुम्ही?"

ते वाक्य तिला पाठ होतं. मास्तरांनी मान खाली घातली. "हो. चूक होतं ते. आवाज नव्हता झाला. चार मिनिटं उशिरा झाला. माझ्या हातून एक ओळ भलत्या जागी पडली होती."

ती दाराला धरून उभी राहिली. "म्हणजे नव्हताच."

"नव्हता."

"मी कान तपासून घेतले," ती म्हणाली. "तीन ठिकाणी. कान चांगले आहेत म्हणाले. मग मला वाटलं, झोपच लागली असणार. यंत्र कशाला खोटं बोलेल? पहिले काही महिने मी सांगत होते सगळ्यांना, की नव्हता आवाज, नव्हता. मग सांगायची बंद झाले. नंतर नंतर मला ती डुलकी आठवायलाही लागली. न लागलेली डुलकी आठवत होती हो मला! मान कशी खाली गेली, पेन कसं घरंगळलं, सगळं." तिचा आवाज चढला. "त्या आजींच्या मुलाच्या पाया पडून आले मी. आणि तुम्ही? किती वेळ लागला तुम्हाला ते पत्र लिहायला?"

"अर्धा तास."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांना वाटलं, आता दार तोंडावर आपटेल. आपटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती बाजूला झाली.

"मला सांगून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला. आत या. बाबांना सांगा."

आतल्या खोलीत खिडकीशी खुर्चीत तिचे वडील बसले होते. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. भिंतीवर त्याचं प्रशस्तिपत्र होतं: एकही अपघात नाही. मास्तर समोर स्टुलावर बसले आणि सावकाश, सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. आवाज झालाच नव्हता. तुमची मुलगी जागी होती. चूक माझी.

म्हाताऱ्याला सगळं कळलं. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मग! माझी पोर आहे ती. एकतीस वर्षांत माझा एकदा डोळा लागला नाही, तिचा कसा लागेल?" त्यानं मुलीला जवळ बोलावलं, तिच्या हातावरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. मास्तरांच्या छातीवरचा दगड जरा हलला. आपण नोकरीवर पाणी सोडलं ते याच्यासाठी, असं त्यांना वाटलं.

तिनं चहा केला. चहा पिताना म्हातारा पूर्वीच्या रस्त्यांबद्दल, घाटातल्या वळणांबद्दल बोलला. मास्तर ऐकत होते. कप ठेवून ते उठले, दाराशी येऊन बूट घातले. म्हातारा भिंत धरत धरत त्यांना पोचवायला आला. स्वयंपाकाच्या ओट्याकडे एकदा बघून त्यानं मास्तरांच्या दंडाला धरलं, जवळ ओढलं आणि हळूच म्हणाला, "पोरगी गुणाची आहे हो. पण काय करणार, त्या दुपारी डोळा लागला तिचा. एक बाई गेली."

मास्तरांनी ओट्याकडे पाहिलं. ती कप विसळत होती. पाठ तशीच ठेवून म्हणाली, "येईल त्याला सांगतात. दूधवाल्याला, मीटर बघायला येतो त्याला. आठ-नऊ महिने झाले, नवीन काही राहत नाही त्यांच्या डोक्यात. जुनं तेवढं पक्कं आहे." तिनं नळ बंद केला. "वर्षभर आधी आला असतात तर राहिलं असतं."

बावीस वर्षं मास्तरांनी जुन्यात नवं बसवलं होतं; ही चौकट मात्र त्यांच्या हातची नव्हती. म्हाताऱ्यानं अजून त्यांचा दंड सोडला नव्हता. तो त्यांच्याकडे मोठ्या आशेनं बघत होता, या पाहुण्यानं तरी आपल्या पोरीला माफ करावं म्हणून.

मास्तर खाली वाकले आणि त्यांनी बूट काढले. म्हाताऱ्याला धरून खिडकीपर्यंत नेलं, खुर्चीत बसवलं, आणि स्टूल ओढून समोर बसले.

"बाबा," ते म्हणाले, "मी तो यंत्राचा माणूस. त्या दुपारी आवाज झालाच नव्हता."